शालन मुंबईला गेली आणि माझ्या हातून निसटली

पाणंद

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र. आज अडलेय म्हणून धागा काढतेय, सांभाळून घ्या.

तीन वर्षं एक कादंबरी लिहितेय. नायिकेचं नाव शालन. गाव धोपाव्याच्या बाजूचं, वाशिष्ठीच्या खाडीच्या दक्षिण काठावर. समोर दाभोळ दिसतं. काळ १९८१ ते ८६. शालन सतराव्या वर्षी लालबागला आत्याकडे जाते, पाच वर्षं राहते आणि आजीने अंथरूण धरलं म्हणून परत येते. कथानक म्हणाल तर एवढंच. खून नाही, लफडं नाही, पुरलेला हंडासुद्धा नाही.

गावाचा भाग लिहिताना हात थांबत नव्हता. गडग्यावरचं शेवाळ, पावसाआधी भरून ठेवायची लाकडं, खळ्यात वाळत घातलेली आमसुलं, आजीची कुळथाची पिठी. मग मुंबई आली. गिरणीचा भोंगा, नळाखाली बादल्यांची रांग, लोकल, गणपतीतली गर्दी. तेही मन लावून लिहिलं. त्यासाठी भर मे महिन्यात लालबाग पायी पालथं घातलं.

मैत्रिणीला वाचायला दिलं. तिने पंधरा दिवसांनी वह्या परत केल्या (हो, मी अजून वहीत लिहिते) आणि म्हणाली, "गावात शालन आहे. मुंबईत नुसती मुंबई आहे. आणि शेवटी परत येते ती बाई कोण?"

झोप उडाली. कारण बरोबर बोलली ती. दोन उलट्या जागांमध्ये ही पोर घडेल असं मनात धरून बसले होते. प्रत्यक्षात मी फक्त मागचा पडदा बदललाय. पुढे उभी असलेली पोर तीच, तश्शीच.

तर विचारायचं असं, की जागेमुळे मुलगी खरोखर वाढली असं तुम्हाला कुठल्या कादंबरीत वाटलं? आणि लेखकाने ते कसं साधलं? "सुंदर वातावरणनिर्मिती" हे उत्तर नको. वातावरणनिर्मितीतच बुडालेय मी.

डोंबिवलीचा चाकरमानी

आधीच सांगतो, गाव म्हणजे बंधन आणि मुंबई म्हणजे मोकळा श्वास असं काही लिहिलं असशील तर तिथेच फाड. आणि त्याच्या उलट असेल, म्हणजे गाव निष्पाप आणि शहर राक्षस, तर तेही फाड. चाळीस वर्षं गणपतीला गावी जातोय. दोन्ही खोटं आहे. गावात माझ्या चुलतीला मांडवात मोठ्याने हसायची चोरी होती आणि तीच चुलती भाताच्या मळ्यात पुरुषांना शिव्या घालून कामाला लावायची. घर तेच, बाई तीच. दोनशे पावलांवर माणूस बदलतं.

पाणंद

@चाकरमानी, काका, पहिलं थोडंसं आहे हो लिहिलेलं. फाडते.

बोरूबहाद्दर

वाचतोय. पॉपकॉर्नऐवजी फणसाचे तळलेले गरे घेऊन बसलोय.

जुनी पेठ

प्रश्न आवडला, म्हणून जरा लांबड लावतो.

मराठीत हा खेळ फार आधी खेळून झालाय. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'करमणूक'मधून क्रमशः येत होती. त्यातली यमू सगळी हकिकत स्वतः सांगते. पुण्याला सासरच्या एकत्र घरात ती नवऱ्याशी दिवसाढवळ्या दोन शब्द बोलू शकत नाही. मुंबईत दोघांचा वेगळा संसार होतो, तेव्हा ती बोलते, वाचते, बाहेर जाते. हरिभाऊंनी मुंबईचं वर्णन करून हे साधलेलं नाही. मुंबईत तिच्यावर नजर ठेवणारं माणूस घरात नाही, एवढा एकच फरक त्यांनी केला आणि यमूचा आवाज बदलला. पुढे नवरा जातो आणि ती परत पुण्याच्या घरात येते. भिंती त्याच, माणसं तीच, पण आता तिला मुंबई माहीत आहे. म्हणून पहिल्यांदा जे तिने सोसलं तेच दुसऱ्यांदा असह्य होतं. तिथे तिचं केशवपन करतात. ते पान वाचताना पोटात खड्डा पडतो तो ह्या आधीच्या मुंबईमुळे. मधली मुंबई काढून टाका, दुःख निम्म्यावर येईल.

दुसरं उदाहरण साहेबाच्या देशातलं. जेन ऑस्टेनची 'मॅन्सफिल्ड पार्क', १८१४. फॅनी प्राइस दहाव्या वर्षी पोर्ट्समथच्या गरीब घरातून श्रीमंत मावशीकडे जाते. तिथे ती आश्रित, कोपऱ्यात बसणारी. अठराव्या वर्षी तिला काही महिने माहेरी धाडतात. आता ह्या पोरीला माहेरचा उमाळा येईल असं आपल्याला वाटतं. तिला दिसतं काय, तर पातळ भिंती, आदळणारी दारं, धड न घासलेली ताटं आणि दोन बहिणींचं एका चाकूवरून भांडण. फॅनी स्वतःच्या पैशाने चांदीचा दुसरा चाकू विकत घेते आणि भांडण मिटवते. मग वर्गणी भरून वाचनालय लावते आणि धाकट्या बहिणीला शिकवायला बसते. मावशीच्या हवेलीत आठ वर्षं फक्त घेणारी मुलगी इथे पहिल्यांदा देणारी होते, आणि तेही ह्या गचाळ घरात. हवेलीत ते होणं शक्यच नव्हतं, कारण तिथे ती कायम आश्रितच होती.

तेव्हा पाणंदबाई, तुमची शालन पहिल्या कमाईतून काय विकत घेते ते सांगा. मग पुढचं बोलू.

पाणंद

@जुनी पेठ, दंडवत. आणि उत्तर असं की माझी शालन काहीच विकत घेत नाही. कारण ती काही कमवतच नाही. ती खिडकीतून बघते. आत्ता लिहिताना लक्षात आलं, पाच वर्षं पोरगी खिडकीतून बघतेय!

डालगं

खिडकीवरून आठवलं, आणि जरा कडू बोलणार आहे.

आपल्या कोकणातल्या कादंबऱ्यांतली मुलगी बहुतेक वेळा माजघरातली असते. मग तिला माजघरातून ओटीवर, ओटीवरून अंगणात, अंगणातून एसटीत आणायचं, की झाली वाढ. माझी आई हर्णैला बंदरावर लिलावात उभी राहायची. संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूतच लिलाव होतो, ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे. आई वयाच्या चौदाव्या वर्षापासून परक्या पुरुषांशी भाव करायची, पाटी डोक्यावर घेऊन वाड्या फिरायची, उधारी वसूल करून आणायची. पैशाची पिशवी कमरेला. तिचं लग्न होऊन ती काही वर्षं नालासोपाऱ्याला होती. दुसऱ्या मजल्यावरची खोली, दार लावलेलं, नवरा कामाला. ती म्हणायची, "मुंबईत मी गोषात होते."

म्हणजे शहराने आमच्या आईला आक्रसून टाकलं. परत बंदरावर आली तेव्हा तिचा आवाज परत आला. असंही होतं. पाणंद, तुझी शालन कुठल्या घरातली, ते आधी ठरव. जागा मोठी का लहान ते त्यावर ठरतं. नकाशावरून नाही कळत.

डोंबिवलीचा चाकरमानी

+१. हा प्रतिसाद धाग्याच्या वर डकवा कुणीतरी.

आरवलीकर

मी काय म्हणतंय, मुंबय व्हयीच कित्याक? आमच्या वेंगुर्ल्यात काजीच्या फॅक्टरीत जावा. सकाळी घरातली सून डोक्यार पदर घेवन खाली मान घालून चलता. फॅक्टरीच्या दारातसून आत गेली काय तीच बाय सुपरवायजराक सुनावता. संध्याकाळी परत पदर. दोन जागा झाल्यो मा? मधी फक्त एक व्हाळ आसा.

(आता पुस्तकी भाषेत, नाहीतर अर्धे पळतील.) काजू फोडणाऱ्या बायकांची बोटं टरफलाच्या तेलाने काळी पडतात. ते लवकर जात नाही. लग्नकार्याला जाताना त्या बोटं लिंबाने, राखेने घासतात. एका जागेचा डाग दुसऱ्या जागेत घेऊन जावा लागतो, आणि तिथे तो लपवावा लागतो. मी लेखक नाही, पण मला वाटतं कथा त्या घासण्यात आहे.

पाणंद

@डालगं, बरं झालं कडू बोललात. शालन कुणबी घरातली. वडील गिरणीत, आई नाही, शेती आजी आणि ती बघतात. म्हणजे नांगरणी सोडून सगळं तिने केलंय: तरवा (भाताची रोपं) काढणं, लावणी, कवळं (पाल्याच्या फांद्या) तोडणं, भाजावळ (पेरणीआधी जमीन भाजणं). आणि तरी मी तिला मुंबईत खिडकीत बसवली. का बसवली, ते आता माझं मलाच कळत नाही. बहुतेक मी स्वतः पहिल्यांदा मुंबईला गेले तेव्हा मावशीच्या खिडकीत बसून होते म्हणून.

@आरवलीकर, त्या बोटांवर तुम्हीच का लिहीत नाही?

आरवलीकर

आमच्या देवाक, वेतोबाक सांगणा करूक व्हया मगे.

गिरणगावचा

उशिरा आलो. पाणंद, तुम्ही १९८१ म्हणताय. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला हे तुमच्या कादंबरीत आहे ना? नसेल तर आमच्याकडचा एकही वाचक पुढचं पान उलटणार नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. लालबाग-परळ त्याआधीचं वेगळं आणि त्यानंतरचं वेगळं. भोंगा म्हणाल तर तो वाजायचाच थांबला. भोंगा नसलेली सकाळ लिहा, ती जास्त खरी होईल.

दुसरं, आत्या काय करते? लालबागला एकट्या बाईने राहायचं तर खानावळ हा धंदा अगदी नेहमीचा. एकेका गावची मंडळी मिळून खोली घेऊन राहायची, गावकीची खोली. वीस-वीस, तीस-तीस माणसं, पाळीप्रमाणे झोपणारी. त्यांचं जेवण अशा बायकांकडे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते ह्याच खानावळवाल्या बायकांसाठी. त्याआधी ह्या बायका सावकाराच्या व्याजात अडकलेल्या असायच्या.

माझी आजी दोन वेळच्या मिळून दीडशे भाकऱ्या थापायची. संपात गिऱ्हाइकांकडे पैसे नव्हते. तरी जेवण बंद केलं नाही, वहीत मांडत गेली. ती वही आमच्याकडे अजून आहे. पानाच्या वर गावाचं नाव, खाली माणसांची. काही नावांवर काट मारलेली आहे. पैसे फिटले म्हणून काट, की माणूस गावी निघून गेला म्हणून, ते वहीवरून कळत नाही. आजी असेपर्यंत तिला विचारायचं सुचलं नाही.

पाणंद

@गिरणगावचा, अंगावर काटा आला. संप आहे माझ्याकडे, पण बातमीसारखा आहे. वडील घरी बसतात, उदास होतात, वगैरे. तुमच्या आजीच्या वहीसारखी वही शालनच्या हातात दिली तर चालेल का? तुमची परवानगी असेल तरच.

गिरणगावचा

द्या की. वह्या सगळ्यांकडेच होत्या.

जुनी पेठ

आता बघा कसं जुळतंय. शालन गावातही भाकऱ्या करतच होती. तिथे भाकरी म्हणजे काम, आणि काम कुणी मोजत नाही. लालबागला तीच भाकरी, तेच हात, पण प्रत्येक भाकरी वहीत चढते. पोरीला पहिल्यांदा कळतं की आपण जे जन्मभर फुकट करत आलो त्याला दर आहे. इथे मुंबईच्या वर्णनाची एक ओळसुद्धा लागत नाही. आणि परत आल्यावर आजीच्या चुलीपुढे बसून ती पहिली भाकरी थापेल, तेव्हा मनातल्या मनात मोजेल. मोजल्याची तिला लाज वाटेल का? मला वाटतं, वाटेल. थोडी.

भरतीओहोटी

@जुनी पेठ यांच्याशी बऱ्यापैकी सहमत, पण मला वर्णनाची बाजू घ्यायची आहे. सगळे मिळून बिचाऱ्या निसर्गाला झोडपताय.

इंग्रज कादंबरीकार थॉमस हार्डीची 'टेस', १८९१. तिथे शहर जवळजवळ नाहीच. दोन शेतं आहेत. टॅलबोथेजची दुधाची वाडी: उन्हाळा, गायी, सायीचा वास, बरोबरीच्या पोरी. नंतर फ्लिंटकॉम्ब-ॲश: गोठलेली जमीन, कंद उकरणं, पुढे मळणीयंत्रावर दिवसभर उभं राहणं. दोन्हीकडे टेस शेतमजूरच आहे. काम करणारे हात तेच, पण एका जागी अंग फुलतं आणि दुसऱ्या जागी सोलवटतं. हार्डी वर्णन करतो आणि पानंच्या पानं करतो, पण ते टेसच्या अंगाला लागतं. थंडी तिच्या बोटांना लागते, वाचकाच्या डोळ्यांना नाही. पाणंद, तुमच्या गडग्यावरचं शेवाळ कुणाच्या पायाला लागतं का? शालन त्यावरून कधी घसरलीय?

तरी एक खबरदारी. हार्डीत ऋतू आणि मुलीचं नशीब हातात हात घालून चालतात. कोकणात ही लबाडी फार सोपी आहे. मोहोर आला की प्रेम, पाऊस लागला की विरह, वादळ आलं की मरण. मी स्वतः तीन कथा ह्याच साच्यात पाडल्यात आणि तिन्ही परत आल्यात.

पाणंद

एकदा नाही, दोनदा घसरलीय ती. खरडलेला गुडघा घेऊन मुंबईला जाते. पण ते लिहिलं नव्हतं, फक्त मला माहीत होतं.

थिबा पॉइंट

रत्नागिरीकरांनी गप्प बसणं बरं दिसत नाही म्हणून एक छोटं. अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस'मधली डॉली. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी पदच्युत करून १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. राजवाडा झाला १९१० मध्ये, १९१६ ला राजा इथेच वारला, हा इतिहास. कादंबरीत राजाबरोबर आलेली डॉली नावाची लहान दासी इथे तरुण होते. आमचं भगवती बंदर, आमचा पाऊस, आमचं बोलणं तिला घरचं होतं. तिला परत ब्रह्मदेशात नेऊ पाहणारा भेटतो तेव्हा तिला पडलेला पेच असा, की तिथे आता आपणच परक्या.

माझं म्हणणं, दोन जागांमधली मुलगी शेवटी एका जागेची होते हेच मुळी गृहीत धरू नका. शालन परत येते म्हणजे "घरी" येते का?

बोरूबहाद्दर

गरे संपले. धागा मात्र रंगलाय.

अवांतर: मुंबईहून मडगावला रात्रभर धावणाऱ्या गाडीचं नाव कोकणकन्या ठेवलंय. रोज जाते, रोज येते, वाढ शून्य. ह्यावर कुणीतरी लिहा.

डालगं

@बोरूबहाद्दर, तुम्ही एकदा तिच्या जनरल डब्यातून या. वाढ आपोआप होईल.

पाणंद

चार दिवस आले नाही कारण लिहीत होते. खिडकी काढली. आत्याची खानावळ आणली. संप आता वहीतून येतो: आधी माणसांच्या नावापुढे आकडे वाढत जातात, मग नावं कमी होत जातात, आणि वही लिहिणारी शालन त्यातून शिकते की कुणाला "उद्या" म्हणायचं आणि कुणाला ताट वाढायचं. एकदा ती आत्याला न विचारता एकाला नाही म्हणते. तो तिच्या स्वतःच्या वाडीतला निघतो. हे प्रकरण लिहिताना मला रडू आलं, म्हणजे बहुतेक बरं झालंय किंवा फारच वाईट.

आता @जुनी पेठ यांचा प्रश्न, पहिल्या कमाईतून काय? साडी नको वाटली. ट्रान्झिस्टर सगळेच घेतात. शालन दोन सेलची बॅटरी घेते. गावात रात्री बाहेर पडायचं तर चूड पेटवायची, तीही बरोबर पुरुष असेल तर. स्वतःचा उजेड स्वतःच्या हातात, म्हणून बॅटरी. लालबागला दिव्यांच्या झगमगाटात तिचा काही उपयोग नाही, तरी ती उशाशी घेऊन झोपते.

शेवटी परत येताना एसटी दाभोळला पोचते तोवर अंधार. तर, म्हणजे खाडी पार करणारी होडी, पलीकडे लागलेली. शालन काठावर उभी राहून बॅटरी दाखवते, तर येते, ती पार होते. शेवट. कसा वाटतो?

डोंबिवलीचा चाकरमानी

मुंबईहून गुहागरला थेट गाडी असताना बाई दाभोळला कशाला उतरते?

पाणंद

काका, गुहागर गाडीचं आरक्षण मिळालं नाही. (खरं कारण: मला तरीची होडी हवी होती.)

डोंबिवलीचा चाकरमानी

चालेल. आरक्षण आम्हालाही मिळत नाही.

बंदरावरचा

मी ह्या संस्थळावर वर्षातून एकदा लिहितो. जन्म दाभोळचा, वय सत्तरच्या पुढे. शेवट चांगला आहे पण चुकलाय.

आता फेरीबोट आहे, गाडीसकट दहा मिनिटांत पलीकडे. तेव्हा होडीची तर होती. अंधार पडला की तरवाला होडी ओढून घरी जायचा. कुणी आलं तर काठावरून हाक मारायची, तोंडाला हात लावून, लांबवून. आवाज ओळखीचा वाटला तर तो यायचा. त्या दिवसांत सगळ्या किनाऱ्यावर चोरटं सोनं-चांदी उतरायची बोलवा होती आणि रात्री बंदरावर बॅटरी चमकली की लोक म्हणायचे कस्टमवाले आले. शहाणा माणूस घराबाहेर पडायचा नाही. तुमच्या शालनने बॅटरी दाखवली तर तरवाला उठून कडी लावून घेईल.

जुनी पेठ

वा! ह्याला म्हणतात जागा.

भरतीओहोटी

पाणंद, हे सोन्यासारखं आहे. मुंबईची कमाई गावाच्या काठावर निरुपयोगी. मग ती काय करते?

थिबा पॉइंट

हाक मारते. पण आधी कधी मारली होती का तिने?

पाणंद

नव्हती. लहानपणी तरीवर कायम वडील नाहीतर चुलता बरोबर. हाक पुरुषाने मारायची. बायकांनी रात्री खाडीवर आवाज काढायचा नाही, आजीचा दंडक.

पहाटे तीनपर्यंत बसून लिहिलं. कच्चं आहे:

"तिने बॅटरी तीनदा उघडमीट केली. पलीकडे एक दिवा होता, तो विझला. पाणी काळं आणि सपाट होतं. तिने बॅटरी पिशवीत टाकली, वर वहीचं पुडकं होतं त्याच्याखाली. चपला काढून ती चिखलात दोन पावलं पुढे गेली, का ते तिलाही कळलं नाही. मग तोंडाला हात लावला. पहिल्यांदा नुसती हवा आली. लालबागला जिन्यावरून खालच्या पोराला हाक मारायची तसा आवाज लावला तेव्हा तो निघाला, जाड, खानावळीतला. होऽऽ, तर होऽऽ. कुणाची गोऽऽ, असं पलीकडून आलं. तिने आजीचं नाव सांगितलं. मग थांबून स्वतःचं."

गिरणगावचा

ती वही बरोबर घेऊन आलीय. मला तेवढंच पुरे.

डालगं

जिन्यावरचा आवाज खाडीवर. जमलं बाई.

आरवलीकर

माका रडाक इला. कोणाक सांगू नकात.

डोंबिवलीचा चाकरमानी

"का ते तिलाही कळलं नाही" हे काढ. आम्हाला कळलंय.

पाणंद

काढलं.

बंदरावरचा

चांगलं लिहिलंय. एकच. महिना कुठला?

पाणंद

मार्गशीर्ष, काका.

बंदरावरचा

मग रात्री मतलई सुटलेली असणार. तो वारा खाडीतून खाली समुद्राकडे जातो. दाभोळच्या काठावरून मारलेली हाक तिरकी वाहून अंजनवेलच्या अंगाला जाईल. पहिल्या हाकेला ओ येणार नाही. तिला वरच्या अंगाला थोडं चालू द्या आणि दुसऱ्यांदा मारू द्या.